आकड्याचा जुगार आणि ब्लॉकचेन

मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. त्याचा रोख मुख्यतः जुगाराच्या अड्ड्यावर व साधनांवर होता. आकड्याच्या जुगारात निकाल मात्र अड्ड्यावर ठरत नसे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते व बंद होते भाव तारायंत्राने मुंबईत येत व त्यांवर पैसे लागत. निकालाचे स्थान कायद्याच्या हद्दीबाहेर असे आणि तो फिरविणे बुकीच्या हाती नसे. १९६१ मध्ये हे भाव येणे थांबले. त्यानंतर १९६२ मध्ये कल्याणजी भगत व १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मटका सुरू केला. त्यात आकडा येथेच काढला जाई. दूरच्या बाजाराची जागा एका व्यक्तीच्या पतीने घेतली, आणि व्यक्तीस अटक करता येते. आणीबाणीत खत्री तुरुंगात गेले.

२००९ मध्ये बिटकॉइनबरोबर आलेल्या ब्लॉकचेन या नोंदवहीच्या प्रती असंख्य संगणकांवर असतात. तिच्यावरील जुगारात, निदान तत्त्वतः, जप्त करावयास अड्डा नाही व पकडावयास बुकी नाही. न्यूयॉर्कच्या भावाचे अलिप्तपण येथे परत आले आहे. तथापि जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या बाजारगावी जिंकलेले आभासी नाणे रुपयांत बदलल्यावाचून सहसा उपयोगी पडत नाही. २०२५ च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाच्या खेळांबरोबर त्यांसाठीचे बँकव्यवहारही निषिद्ध ठरविले, ते याच वाटेवर. भावी संघर्ष निकालाभोवती नव्हे, तर रुपयाच्या या उंबरठ्यावर होईल. मात्र मटक्यात फसलेल्यास बुकीचे दार तरी ठाऊक असे. येथे दाद मागावयास दारच उरत नाही.