चेंडू सोडणे
(क्रिकेट). ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू न खेळता यष्टिरक्षकाकडे जाऊ देण्याचे कौशल्य. बेसबॉलमध्ये हा संयम रोख फळतो: चार ‘बॉल’ (वैध पट्ट्याबाहेरचे चेंडू) सोडले की फलंदाजाला पहिला बेस आयता मिळतो आणि त्याची नोंदही होते. क्रिकेटच्या धावफलकात सोडलेल्या चेंडूला रकानाच नाही. त्यामुळे फलंदाजांविषयीचा चाहत्यांचा वाद सरासरीपाशीच अडतो.

याचे एक उदाहरण संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दला जन्मलेल्या अजिंक्य रहाणेचे. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला ११२ धावा करणाऱ्या या फलंदाजाची २०२१ मधील कसोटी सरासरी २०.८२ वर घसरली. पुढच्या वर्षी त्याला वगळले. आकडा खरा, पण अर्धाच बोलका: किती चेंडू सोडले, हे त्यात दिसत नाही.

जून २०२३ मध्ये ओव्हलवरील कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पुनरागमन करताना त्याने ८९ व ४६ धावा केल्या. सामना भारताने २०९ धावांनी गमावला.