होळकरांच्या गाडीतला पारा

आम्हां नागपूरकरांना संस्थानी थाट ऐकूनच ठाऊक. भोसल्यांचे राज्य 1854 सालीच खालसा झाले. इंदूरचे होळकर मात्र टिकले. दुसऱ्या यशवंतरावांनी 1935 च्या सुमारास अमेरिकेची ड्यूसेनबर्ग घेतली. तिला केशरी-काळा साज लंडनच्या गर्नी नटिंगने चढवला. पण मला मोह तिच्या इंजिनाचा!

एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार झडपा, क्षमता सुमारे 6.9 लिटर. शिवाय हवा आत कोंडणारा पंखा, सुपरचार्जर. लोहाराच्या भात्याचाच हा सुधारलेला नातू. साध्या इंजिनाची 265 अश्वशक्ती याने 320 वर नेली, असे कंपनी सांगे. आठ दट्ट्यांचे हिसके खाऊन लांबलचक क्रँकशाफ्ट पिळवटतो, थरथरतो. म्हणून त्यावर पाऱ्याने भरलेल्या कुप्या बसवल्या. पारा आत हेलकावतो आणि कंप जिरवतो. वर्गात पोरांना थर्मामीटर दाखवताना मला हटकून या कुप्या आठवतात.

मल्हाररावांच्या घोड्यांनी मुलूख मिळवला. या 320 घोड्यांना जिंकायला काही उरलेच नव्हते. 1818 च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचे हात कधीच बांधले होते. 1948 साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले. गाडीही पुढे देशाबाहेर गेली.