निःशब्द पेटी

कुटुंबाची स्मृति कोठें ठेवावी, हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाहीं. देशमुख-कुळकर्ण्यांच्या वाड्यांत ती रुमालांत बांधून माळ्यावर ठेविलेली असे, सावकाराच्या पेढीवर ती चोपड्यांत असे, आणि ज्या घरीं यांपैकीं कांहींच नसे तेथें ती वृद्धांच्या मुखीं असे. राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. या दोन्ही उद्योगांचा मोठा आधार म्हणजे घरोघरचीं दप्तरेंच होत. वाळवी, पाऊस आणि वारसांची उदासीनता यांतून जें वांचलें, त्यावरच इतिहासकारांस भागवावें लागलें.

आजच्या मध्यमवर्गीय घराचें दप्तर रुमालांत नाहीं. मुलांचीं छायाचित्रें, आजीनें म्हटलेल्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण, घराचें खरेदीखत, दवाखान्याचे कागद, हें सर्व अंकरूपानें कांहीं मोबाइलमध्यें, कांहीं जुन्या संगणकांत आणि कांहीं परक्या कंपनीच्या दूरच्या कोठारांत विखुरलेलें असतें. तें एकत्र करून घरींच ठेवावें, आणि त्यासाठीं दिवाणखान्यांतील फळीवर मावेल अशी लहान, आवाज न करणारी पेटी घ्यावी, असा विचार कित्येक कुटुंबांत होत असतो. अशा पेटीस सर्व्हर म्हणतात. ती घरांतील सर्वांचा संग्रह सांभाळते आणि मागेल त्यास मागेल तें काढून देते. तिच्यांत फिरत्या तबकड्या नसून केवळ सॉलिड-स्टेट स्मृति असली, म्हणजे ती निःशब्द होते. ही पेटी निवडावी कशी, याचें उत्तर दुकानदाराच्या पत्रकापेक्षां तिच्या इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

फिरत्या तबकडीचा जन्म कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें, रेनॉल्ड जॉन्सन यांच्या देखरेखीखालीं झाला. आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं 'रॅमॅक' हें यंत्र लोकांपुढें मांडलें. त्याच्या कोठारांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर मिनिटास १२०० फेरे घेत. कोठाराचें वजन एक टनाहून अधिक भरे, आणि एवढ्या खटाटोपानें त्यांत ५० लक्ष अक्षरें मावत. सबंध यंत्राचें भाडें महिना ३२०० डॉलर होतें. आजच्या मोबाइलनें काढलेलें एखादें छायाचित्रच त्यांत कसेंबसें मावलें असतें! तरी त्या यंत्रानें एक मोठें काम केलें. चुंबकीय फितीवरील नोंद शोधावयाची तर फीत उलगडत जावें लागे. तबकडीवर हवी ती नोंद एकदम काढतां येऊं लागली. लांब गुंडाळी आणि सुट्या पानांची पोथी यांत जो भेद, तोच हा. १९८० सालीं सीगेट कंपनीनें तेवढ्याच, किंबहुना किंचित् अधिक धारणेची हार्ड डिस्क हातांत उचलतां येईल एवढ्या आकारांत बसविली. पुढें आल्बेर फेर व पीटर ग्रुनबर्ग यांनीं १९८८ च्या सुमारास स्वतंत्रपणें लावलेल्या चुंबकशास्त्रांतील शोधामुळें ही धारणा अनेक पटींनीं वाढली. त्याबद्दल त्यांस २००७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु तबकडी फिरावयाची ती फिरतच राहिली, आणि फिरण्याबरोबर घरघर, कंप व धक्क्याची भीति हींहि राहिलीं.

निःशब्द स्मृतीचा वंश निराळा आहे. चोहोंकडून विद्युत्-रोधक कवच असलेल्या सूक्ष्म बेटावर इलेक्ट्रॉन कोंडले, तर वीज बंद केली तरी ते तेथेंच राहतात, आणि त्यांच्या असण्या-नसण्यावरून नोंद वाचतां येते, ही कल्पना बेल प्रयोगशाळेंतील दावोन कांग व सायमन झी यांनीं १९६७ सालीं मांडली. १९७१ सालीं इंटेल कंपनींत डॉव्ह फ्रोमन यांनीं याच तत्त्वावर पुसतां येणारी स्मृति बनविली. पण ती पुसावयास तिच्या लहानशा खिडकींतून अतिनील किरण सोडावे लागत. पुढें जपानांतील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनीं विजेनेंच मोठा भाग एकदम पुसणारी स्मृति बनविली. त्यांनीं १९८४ सालीं एक आणि १९८७ सालीं दुसरी, अशा दोन रचना जगापुढें ठेविल्या. एका झटक्यांत मोठा भाग पुसला जातो, हें पाहून त्यांच्या एका सहकाऱ्यास छायाचित्रकाराच्या दिव्याची आठवण झाली, आणि 'फ्लॅश' हें नांव पडलें. या शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाहीं म्हणून मासुओकांनीं आपल्या जुन्या कंपनीवर २००४ सालीं दावा लाविला. तो २००६ सालीं ८ कोटि ७० लक्ष येनांवर मिटला. ज्या शोधावर आज घरोघरचे मोबाइल चालतात, त्याची ही किंमत पाहून वाचकांनीं काय तें समजावें.

१९९१ सालीं आय. बी. एम.साठीं बनलेली २० मेगाबाइटची फ्लॅश डिस्क सुमारें १००० डॉलरला पडे. २०१३ पासून सॅमसंगनें स्मृतीचे कण जमिनीवर पसरण्याऐवजीं चोवीस मजल्यांच्या चाळीप्रमाणें एकावर एक रचण्यास आरंभ केला, आणि मजले तेव्हांपासून चढतच आहेत. सर्व्हरची कल्पना मात्र कचेऱ्यांतून आली. दुसऱ्या यंत्रांतील संग्रह आपल्याच यंत्रांत असल्यासारखा भासावा, ही सोय सन मायक्रोसिस्टम्सनें १९८४ सालीं केली. आणि स्वस्त तबकड्या एकत्र जोडून एक बिघडली तरी काम चालू ठेवावें, ही 'रेड' पद्धति पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनीं १९८८ सालीं मांडली.

आतां निवडीकडे वळूं. पहिली गोष्ट ही कीं, वेगाच्या मोठ्या आंकड्यांस भुलूं नये. साध्या सॉलिड-स्टेट डिस्कचा वेग सेकंदास ५५० मेगाबाइटपर्यंत जातो. परंतु घरांतील सर्वसाधारण गिगाबिट तारेंतून सेकंदास ११०-११५ मेगाबाइटच वाहतात. विहीर कितीहि भरलेली असो, पाणी पोहऱ्याएवढेंच वर येणार. अशी पेटी घ्यावयाची ती तिच्या शांततेसाठीं, अल्प विजेसाठीं व लहान आकारासाठीं. आणि तेवढ्यासाठीं धारणेच्या मानानें तबकडीच्या कित्येक पट किंमत द्यावी लागते, हें समजून द्यावी. प्रपंचांत चलच्चित्रांचा ढीग फार असेल, तर तो तबकडीवर आणि नित्याचा संग्रह फ्लॅशवर, अशी वांटणी शहाणपणाची होय. शिवाय लहान पेटी लवकर तापते. पंखा नसलेली पेटी घेतली तर तिचें कवच धातूचें असावें आणि ती बंद कपाटांत कोंडूं नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. फ्लॅशच्या प्रत्येक कणास पुसण्या-लिहिण्याची मर्यादा असते. एकेका कणांत जितक्या अधिक नोंदी दाटून भरल्या, तितकी ती मर्यादा कमी. आणि कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात. घरगुती डिस्कसाठीं जेडेक संस्थेनें ठरविलेली कसोटी अशी कीं, लिहिण्याची ठरीव मर्यादा संपल्यावर, विजेवांचून, ३० अंश सेल्सिअस उष्णतेंत तिनें एक वर्ष मजकूर राखावा. नवी डिस्क याहून पुष्कळ अधिक टिकते हें खरें. परंतु उष्णता वाढेल तसा हा काळ घटतो, आणि आमच्या नागपूर-जळगांवचा उन्हाळा ३० अंशांवर थांबत नाहीं. तात्पर्य, कागदाचा रुमाल कोरड्या जागीं शंभर वर्षें विसरला तरी चालतो. ही डिस्क कपाटांत विसरून चालत नाहीं. तिला अधूनमधून वीज पाजावी लागते.

शांततेचेंहि एक मोल द्यावें लागतें. जुनी तबकडी मरण्यापूर्वीं पुष्कळदां कटकट आवाज करून घरास सावध करी. फ्लॅश बहुधा न बोलतां जाते. आपल्या झिजेचा हिशेब ती अंकांत सांगते खरी, पण तो पाहणारा कोणी तरी घरांत पाहिजे. अचानक वीज जाणें हेंहि लेखन चालूं असतां घातक होऊं शकतें. म्हणून पेटीबरोबर लहानसा यू. पी. एस. हवाच.

दोन डिस्क जोडल्या म्हणजे दोन प्रती झाल्या, असा समज सर्वत्र आढळतो. तो खोटा आहे. एकीवरून चुकून पुसलेलें छायाचित्र त्याच क्षणीं दुसरीवरूनहि पुसलें जातें. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर, हा नियम छायाचित्रकारांत रूढ आहे तो अनुभवानें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां माळ्यावरच्या आणि तळघरांतल्या वस्तूंत पाण्यानें भेद केला नाहीं. एक प्रत परगांवीं बहिणीकडे किंवा मुलाकडे असावी, हें सांगावयास याहून मोठा दाखला नको.

शेवटची गोष्ट यंत्राची नव्हे, माणसांची आहे. अनेक घरीं रुमाल वांचले, परंतु नातवांस मोडी वाचतां येईना, आणि वांचलेले कागद असून नसल्यासारखे झाले. नव्या दप्तराची मोडी म्हणजे त्याचा परवलीचा शब्द. घरांतील एकाच हुशार माणसास तो ठाऊक असेल, तर त्याच्यामागें ती पेटी म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी होय. म्हणून पेटी निवडतांना ती घरांतील दोघांस तरी चालवितां येईल एवढी सोपी निवडावी. छायाचित्रें व कागद सर्वत्र उघडतील अशा साध्या रूपांतच ठेवावे. आणि परवलीचा शब्द कागदावर लिहून खरेदीखताशेजारीं ठेवावा.