कर्मठ : शाबासकीला धार कशी आली

परवा चौकात वाढदिवसाचा फलक लागला होता : 'आमचे कर्मठ नेते'. फलकावरचे गृहस्थ माझ्या ओळखीचे. एकादशीला सकाळी सातला टपरीवर वडापाव खाणारे. लिहिणाऱ्याचं मराठी कच्चं, असं म्हणून मी हसलो. पण व्याकरण काढून बसलं तर चूक माझीच निघते.

अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो म्हणतात. अशा काटकसरी पाणिनीनं पाचव्या अध्यायात या एका शब्दापायी अख्खं सूत्र खर्ची घातलं आहे. 'कर्मन्'ला 'अठ' जोडायचा. अर्थ, कामात झटणारा. अमरकोशातही कर्मठाच्या मांडीला मांडी लावून कर्मशूर बसलाय. निव्वळ कौतुक! हिंदीनं ते तसंच जपलं. तिकडे कार्यकर्त्याला कर्मठ म्हटलं की तो खूश.

मराठीत घोटाळा केला तो 'कर्मा'नं, असं मला वाटतं. रोजच्या राबण्याला आपण काम म्हणतो. कर्म उरलं दोनच ठिकाणी : कपाळावर हात मारताना आणि देवघरात. स्नानसंध्या, श्राद्धपक्ष, सोवळंओवळं. मग कर्मात झटणारा कोण? ओलेत्यानं पाणी भरणारा, आणि वाळत घातलेल्या सोवळ्याला पोराचा हात लागला की ते पुन्हा पिळायला आडावर जाणारा. झटणं तेच, जाच मात्र घरच्यांना.

घराबाहेरही होताच. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा झाला. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि जातिबहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं. पेलाभर चहाचा वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, प्रायश्चित्तं झाली. या उत्साहाला नुसतं 'धार्मिक' म्हणून भागलं नसतं. टोचेल असा शब्द हवा होता.

पुढे देवघर सुटलं, टोचणं राहिलं. आता कर्मठ गांधीवादी असतो, कर्मठ मार्क्सवादी असतो, घराण्याबाहेरची एक हरकत न घेणारा कर्मठ गवईही असतो.

फलकापाशी शेजारचे आजोबा चष्मा सावरत उभे होते. म्हणाले, "हा संध्या कधीपासून करायला लागला?"