माघातली द्राक्षे आणि वाइनरीचे वर्ष

थंडी ओसरू लागली, की धाराशिव जिल्ह्यात शेताशेतांतून हुरड्याचा धूर दिसू लागतो आणि तुळजापूर, धाराशिव तालुक्यांतील द्राक्षबागांमध्ये काढणीची धांदल सुरू होते. २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा अवर्षणप्रवण असला, तरी खाण्याच्या द्राक्षांसाठी परिचित आहे. जानेवारी ते मार्च हाच काळ राज्यातील वाइनरींसाठीही वर्षातील सर्वाधिक महत्त्वाचा असतो. लहान वाइनरीत या दिवसांत नेमके काय चालते आणि धाराशिवसारख्या जिल्ह्याला त्यातून काय घेण्याजोगे आहे, याचा हा आढावा.

दोन छाटण्या, एक पीक

फ्रान्स-इटलीत हिवाळ्यात वेलींची पाने झडतात, वेली विश्रांती घेतात आणि काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. दख्खनच्या उष्ण हवामानात वेल अशी झोपत नाही. म्हणून येथे वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. त्यानंतर फुटणाऱ्या काडीत पुढील घडांचे डोळे तयार होतात. पावसाळा सरताना, बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी केली जाते आणि तिच्यावर घड येतात. फळ पक्व होते ते कोरड्या हवेत. दिवसाच्या उन्हाने साखर वाढते, तर रात्रीच्या गारव्याने आम्लता टिकून राहते. वाइनला या दोहोंचा तोल लागतो. मार्चचा उन्हाळा तापू लागला, की आम्लता झपाट्याने घसरते. त्यामुळे काढणीचा दिवस चुकवून चालत नाही.

खाण्याचे द्राक्ष वेगळे, वाइनचे वेगळे

सोनाका, माणिक चमन, शरद सीडलेस ही खाण्याची वाणे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या शेतकऱ्यांनी निवडीतून विकसित केली. मोठा मणी, पातळ साल आणि बी नसणे हे त्यांचे गुण. वाइनला नेमके उलटे हवे असते. शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी आणि शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों ही काळी वाणे लहान मण्यांची व बियांची असतात. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून व बियांतून येतो. गुणवत्तेसाठी वेलीवरील घडांची संख्याही मुद्दाम मर्यादित ठेवली जाते.

या फरकाचा आर्थिक अर्थ मोठा आहे. खाण्याच्या द्राक्षांचा भाव पडला, तर शेतकरी बेदाणा करून काही पैसे वाचवू शकतो. वाइनच्या बियांच्या द्राक्षाला फळबाजारात गिऱ्हाईक नाही आणि त्याचा बेदाणाही खपत नाही. वाइनरीने माल उचलला नाही, तर त्याला दुसरे दार नाही.

वाइनरीतील दिवस

काढणी पहाटे सुरू होते, कारण थंड द्राक्ष लवकर आंबत नाही. त्याआधी रसातील साखर ब्रिक्समध्ये मोजली जाते. साधारणपणे २० ते २४ ब्रिक्स ही वाइनसाठी योग्य पातळी मानतात. क्रेट आले, की यंत्राने देठ वेगळे होतात. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच पिळून सालीपासून वेगळा करतात व १२ ते १८ अंश सेल्सिअसला सावकाश आंबवतात. लाल वाइन सालीसकट, २५ ते ३० अंशांना आंबते. वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून अनेकदा रसात बुडवावा लागतो. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला एक किलोहून थोडी अधिक द्राक्षे लागतात.

मोठ्या कारखान्यात ही कामे विभागलेली असतात. लहान वाइनरीत तीच चार-सहा माणसे दिवसा द्राक्षे उतरवून घेतात आणि रात्री टाक्यांचे तापमान पाहतात. वीज गेली, तर जनरेटर तातडीने सुरू करावा लागतो. एका रात्रीच्या उष्णतेने वर्षाची वाइन बिघडू शकते. भीती असते ती अवकाळीची. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्यातील पिके ऐन हंगामात झोडपली होती.

जुना व्यापार, नवे धोरण

जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार तगरचे कापड भडोच बंदरात जाई आणि त्याच बंदरात इटलीची वाइन उतरे. आधुनिक काळात राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर करून वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. वाइनरी वाढल्या, लागवडीही वाढल्या. मात्र २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली आणि नाशिक परिसरातील अनेक शेतकऱ्यांवर वाइनच्या बागा तोडण्याची वेळ आली. दुसरीकडे, सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात इटालियन भागीदारीतून उभ्या राहिलेल्या ‘फ्रातेल्ली’ वाइनरीने कोरड्या मुलखातही ही वाणे रुजू शकतात, हे दाखवून दिले.

आस्वाद घेताना

वाइन गटागटा पिण्याचे पेय नव्हे. पेला एकतृतीयांशच भरावा, रंग पाहावा, पेला हलकेच फिरवून गंध घ्यावा आणि मग छोटा घोट जिभेवर घोळवावा. पांढरी वाइन ८ ते १२ अंशांना, लाल १६ ते १८ अंशांना चांगली लागते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा संकेत युरोपातील थंड घरांचा. मराठवाड्यात ती अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवणे उत्तम. तुरट लाल वाइनने मिरचीचा जहालपणा वाढतो, म्हणून तिखट जेवणाबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लां बरी. हुरडा, दही आणि शेंगदाण्याच्या चटणीशीही तिचे जुळते. उस्मानाबादी शेळीच्या मटणाला, मसाला बेताचा असेल, तर शिराझ साजेशी. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो, हे विसरू नये. राज्यात वाइनसाठी किमान वय २१ वर्षे आहे.

धाराशिवच्या शेतकऱ्याला वाइनचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, खाण्याची शिल्लक द्राक्षे मुरवून टाकण्याचा हा उद्योग नव्हे. वाण, बागेची रचना आणि गिऱ्हाईक सारेच निराळे. खात्रीच्या वाइनरीशी लेखी करार आधी आणि लागवड नंतर, हा क्रम पाळला, तरच माघातली ती गोडी बागाईतदाराच्या वाट्याला येईल.