पीचचे नाजूक पान

पीच, आलुबुखार, जर्दाळू आणि चेरी ही बाठ्याची फळे. त्यांच्या बागांना पछाडणाऱ्या बुरशीजन्य रोगांत दोन सर्वांत जुने आणि सर्वांत नुकसानकारक ठरले: एक पीचवरची पानमुरड आणि दुसरी या सगळ्याच फळांवर येणारी तपकिरी फळकूज. दोन्हींवर उपाय सापडायला फार वेळ लागला. बुरशी मारणारी द्रव्ये ठाऊक झाल्यावरही हा विलंब संपला नाही, कारण पीचचे पान त्या द्रव्यांनीच जळत असे.

फळकुजीच्या बुरशीचे वर्णन पर्सून या बुरशीतज्ज्ञाने 1796 मध्ये केले. तरी पुढची कित्येक दशके बुरशीला रोगाचे कारण मानले जात नव्हते. फळ आधी सडते आणि सडल्यावर त्यावर बुरशी धरते, असाच समज होता. पानमुरडीचा दोष तर सरळ थंड वाऱ्याला दिला जाई. हा समज अगदीच निराधार नव्हता. गार, ओल्या वसंतात नवी पाने जाड होतात, लालसर फुगवट्यांनी वेडीवाकडी मुरडतात आणि गळून पडतात. कोरड्या वसंतात असे फारसे घडत नाही. बर्कली यांनी 1860 मध्ये या रोगाच्या बुरशीला नाव दिले. आज ती ‘टाफ्रिना डिफॉर्मन्स’ म्हणून ओळखली जाते. मात्र नाव मिळाल्याने बागाईतदाराच्या हाती काहीच पडले नाही. बुरशी फांदीच्या आत वर्षानुवर्षे राहते असे मानले जात होते, आणि आत दडलेल्या बुरशीवर फवारणी ती काय करणार?

उपायाचा पहिला धागा मेंढ्यांच्या कळपातून आला. कॅलिफोर्नियात 1880 च्या दशकात मेंढ्यांची खरूज घालवण्यासाठी चुना आणि गंधक उकळून केलेले द्रावण वापरात होते. सॅन होजे खवले किडीने त्रासलेल्या बागाईतदारांनी तेच द्रावण हिवाळ्यात निष्पर्ण झाडांवर फवारले. कीड आटोक्यात आलीच, शिवाय फवारलेल्या पीचवर पानमुरडही कमी दिसू लागली. त्याच दशकात फ्रान्समध्ये मियार्दे यांनी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण द्राक्षाच्या केवड्यावर गुणकारी असल्याचे जाहीर केले. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागाईतदार आजही वापरतात ते हेच मिश्रण.

या दोन्ही गोष्टी पद्धतशीर तपासण्याचे श्रेय न्यूटन पिअर्स यांचे. अमेरिकी कृषी खात्याच्या वतीने त्यांनी 1890 च्या दशकात कॅलिफोर्नियात प्रयोग केले. बागेतल्या काही ओळी फवारायच्या, शेजारच्या तशाच सोडायच्या, आणि वसंतात दोन्हींची पाने ताडून पाहायची, अशी त्यांची रीत होती. 1900 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने जुना समज मोडला. नव्या पानांना होणारी बहुतेक लागण फांदीच्या आतून होत नाही, तर डोळ्यांवर चिकटून राहिलेल्या बीजाणूंपासून होते. म्हणून डोळे फुगण्याआधी केलेली एकच फवारणी पुरते, आणि पाने मुरडलेली दिसल्यावर केलेली फवारणी वाया जाते. पीचची मूळ अडचणही यात आपोआप टळली. पाने फुटलेलीच नसताना फवारल्यावर मोरचूद जाळणार तरी काय?

फळकुजीला ही वेळ लागू पडत नव्हती. अमेरिकी शास्त्रज्ञ एर्विन स्मिथ यांनी 1889 मध्ये दाखवले की फळ सडवणारी बुरशीच मोहोर आणि कोवळ्या डहाळ्याही करपवते. सडलेले फळ बहुधा गळून जात नाही, ते सुकून खारकेसारखे फांदीवर लटकत राहते आणि पुढच्या मोहोराला लागण देते. जमिनीवर पडलेल्या सुक्या फळांतून वसंतात पेल्याच्या आकाराची बारीक फळधारी अंगे उगवतात. नॉर्टन यांनी ती 1902 मध्ये मेरीलँडच्या बागांत शोधली. म्हणजे धोका मोहोरापासून थेट तोडणीपर्यंतचा, आणि या साऱ्या काळात झाडावर पाने असतात. बोर्डोने ती भाजून गळत.

याचा सर्वांत मोठा फटका जॉर्जिया राज्याला बसला. तिथल्या मार्शलव्हिलचे सॅम्युएल रम्फ यांनी 1870 च्या दशकात ‘एल्बर्टा’ हा टणक, दूरवर धाडता येणारा पीच काढला, आणि बर्फ भरलेल्या डब्यांतून फळ उत्तरेच्या शहरांकडे जाऊ लागले. पण जॉर्जियाचा उन्हाळा दमट. पेटीत निरोगी दिसलेले फळ वाटेतच कुजे, आणि एका फळाची बुरशी शेजारच्या फळांत पसरे.

डब्ल्यू. एम. स्कॉट यांनी 1907 पासून यावर जे शोधले, ते या इतिहासातले सर्वांत सुंदर काम म्हणावे लागेल. पिंपात कळीचा चुना घ्यायचा, त्यावर गंधकाची पूड आणि थोडे पाणी टाकायचे. चुना विरताना निघणाऱ्या उष्णतेवरच मिश्रण खदखदते. खाली जाळ लागत नाही. खदखद ओसरताच गार पाणी ओतून ते थांबवायचे. सारी मेख याच क्षणात होती. उशीर झाला तर गंधक चुन्याशी अधिक संयोग पावून पाने जाळणारी संयुगे वाढतात. वेळीच थांबवले तर अतिशय बारीक गंधक पाण्यात तरंगत राहते आणि पानाला इजा करत नाही. 8 पौंड चुना, 8 पौंड गंधक आणि 50 गॅलन पाणी हे प्रमाण ठरले. भुंग्याने फळाला पाडलेल्या भोकातून बुरशी सहज शिरते, म्हणून त्यात शिशाचे आर्सेनेट मिसळले जाऊ लागले. 1911 साली स्कॉट आणि कीटकशास्त्रज्ञ क्वेंटन्स यांनी शेतकऱ्यांसाठी याची पुस्तिका काढली.

पुढे पाण्यात मिसळणारे तयार गंधक आले, 1950 च्या दशकात कॅप्टन आले आणि पिंपातली खदखद बंद झाली. 1970 च्या सुमारास आलेले बेनोमिल झाडाच्या आत शिरून काम करणारे, म्हणून त्यावर भिस्त फार बसली. त्याच दशकात अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या बागांत त्याला न जुमानणारी फळकुजीची बुरशी आढळली. एकच औषध सलग न वापरण्याची आणि सुकी फळे वेचून नष्ट करण्याची जुनी शिस्त पुन्हा आवश्यक झाली. फळकुजीच्या बुरशीच्या ज्या अमेरिकी जातीला युरोपने दीर्घकाळ वेशीबाहेर ठेवले होते, ती 2001 मध्ये फ्रान्सच्या बागांत सापडली.

पानमुरडीचा उपाय मात्र फारसा बदललेला नाही. आजही पाने गळाल्यानंतर, डोळे फुगण्यापूर्वी, पीचच्या उघड्या फांद्यांवर तांबेयुक्त औषध फवारले जाते.