अंगणातील सदाफुली

गुलाबाची निगा राखावी लागते, शेवंती ऋतू पाहून फुलते. सदाफुली मात्र कुंपणाच्या कडेला, विहिरीच्या काठावर, दफनभूमीतील एखाद्या जुन्या कबरीशेजारी, कोणी पाणी घालो वा न घालो, बारमाही फुलत राहते. म्हणूनच ती आपल्याच मातीतली असावी असा आपला समज होतो. वस्तुतः ती समुद्रापलीकडून आलेली पाहुणी आहे.

सदाफुलीचे माहेर आफ्रिकेच्या पूर्वेचे मादागास्कर बेट. तिच्या कुळातील आठ जातींपैकी सात मूळच्या तिथल्याच. आठवी तेवढी भारत व श्रीलंकेतली, इवल्या पांढऱ्या फुलांची व तणासारखी उगवणारी. अठराव्या शतकात सदाफुलीचे बी पॅरिसमार्गे लंडनजवळच्या चेल्सी येथील औषधी बागेत पोहोचले. १७५९ साली लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिले. पुढे ती उष्ण प्रदेशांतील बागांतून सर्वत्र पसरली.

अनेक देशांत तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेतला जाई. १९५२ साली जमैकाहून अशी पंचवीस पाने एका पाकिटातून कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली. त्यांनी व चार्ल्स बीअर यांनी उंदरांवर प्रयोग केले. रक्तातील साखर काही उतरली नाही. परंतु अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. ज्या रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्यावर याचा उपयोग होईल काय, असा विचार त्यातून सुचला. १९५८ साली व्हिनब्लास्टिन जगापुढे आले. पाठोपाठ अमेरिकेत व्हिनक्रिस्टिन सापडले व १९६३ साली त्यास मान्यता मिळाली. पेशीचे विभाजन होताना लागणारे सूक्ष्म तंतू ही द्रव्ये बनू देत नाहीत, त्यामुळे विभाजन थांबते. मुलांचा रक्ताचा कर्करोग पूर्वी हमखास जीव घेई. आज प्रगत देशांत इतर औषधांच्या जोडीने व्हिनक्रिस्टिन देऊन दहांतील सुमारे नऊ मुले वाचतात.

मात्र जे तारते तेच मारूही शकते. ही द्रव्ये निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. पांढऱ्या पेशी घटतात, मज्जातंतू दुखावतात. व्हिनक्रिस्टिन केवळ शिरेतूनच द्यावयाचे असते. चुकून ते पाठीच्या मणक्यातील द्रवात गेले तर रुग्ण बहुधा दगावतो. याविषयी जागतिक आरोग्य संघटनेला २००७ साली खास इशारा द्यावा लागला.

वाचकहो, हे सांगण्यास कारण आहे. आजही काहीजण साखर उतरावी म्हणून सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाने चावतात, तर कोणी कर्करोगाच्या रुग्णाला तिचा रस पाजतात. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन मिळविण्यास सुमारे पाचशे किलो वाळलेली पाने लागतात. मूठभर पानांतून औषधाची नेमकी मात्रा मिळत नाही; विषबाधेचा धोका मात्र पत्करावा लागतो. उपचारास उशीर होतो तो वेगळाच.

आणखी एक शल्य उरते. या औषधांवर परदेशी कंपनीने अमाप पैसा मिळविला. सदाफुलीच्या मातृभूमीला त्यातला वाटा मिळाला नाही. वनसंपदेच्या लाभात तिच्या मूळ देशाचाही हक्क आहे, हे तत्त्व जगाने १९९२ च्या जैवविविधता करारात मान्य केले, तेव्हा सदाफुलीचेच उदाहरण वारंवार पुढे केले जाई.

सदाफुली अंगणात जरूर असावी. तिची फुले पाहावीत, मुलांना तिची कथा सांगावी. औषध मात्र डॉक्टरांच्या हातूनच घ्यावे.